बाईसाहेबांसाठी समुद्राकडची खोली

अथेन्स
२ जून १९७९

श्रीमती स्तामातीआ कूर्ती यांस,

आपली ओळख नाही. आमच्या औषधवाल्यानं आपला पत्ता दिला. मागच्या उन्हाळ्यात तो सहकुटुंब आपल्याकडे उतरला होता, आणि अजून आपल्या हातच्या भरल्या वांग्यांचं कौतुक करतो. माझे गुडघे आणि खांदे धरले आहेत. डॉक्टर म्हणतात, महिनाभर समुद्रात डुंबा आणि गर्दीच्या जागी जाऊ नका. तेव्हा ऑगस्टसाठी मला समुद्राकडची खोली हवी आहे. जिना नको.

लिमनारीबद्दल मला काहीच माहीत नाही. किनारा वाळूचा आहे की गोट्यांचा? बोलायला बरी माणसं आहेत का? जेवण कसं असतं? सविस्तर कळवावं. सकाळी केस विंचरायला एखादी मुलगी लागेल, माझे हात वर जात नाहीत. पूर्वी आमच्याकडे कामाला मुली असायच्या. कोणीही आली तरी मी तिला मारियाच म्हणायची. दर खेपेला नवं नाव कोण लक्षात ठेवणार? आता तर खेड्यातल्या मुली मिळतच नाहीत.

माझे यजमान वकील होते. ते गेल्यापासून मी एकटीच आहे, येईनही एकटीच.

कल्लिरोई माव्रीदी


लिमनारी
९ जून १९७९

आदरणीय बाईसाहेब,

तुमचं पत्र वाचून किती आनंद झाला ते कागदावर सांगता येणार नाही. समुद्राकडची खोली तुमचीच. तळमजल्यावर आहे. पूर्वी माझे वडील तिथे जाळी ठेवायचे. आता पांढरी चुना-सफेदी आहे, खिडकीत तुळस आहे आणि उंबऱ्यापासून पाणी हाकेच्या अंतरावर.

किनारा गोट्यांचा आहे, पण चर्चच्या खालच्या अंगाला वाळूचा पट्टा आहे. तिथे पाणी बराच वेळ गुडघ्याइतकंच राहतं. बस दुपारी चौकात येते. ती आली की सगळं गाव हातातली कॉफी ठेवून कोण उतरलं ते बघायला मान वळवतं. वाईट वाटून घेऊ नका, इथे दुसरी करमणूक नाही. चौकातच मान्थोसकाकांचं कॉफीचं दुकान. कानानं जरा कमी, पण माणूस गप्पिष्ट. पाव लेफ्तेरीसच्या भट्टीतला. त्याची आई वासिलोबाई दारात खुर्ची टाकून बसते. गावात कुणाचं काय चाललंय ते तिला विचारावं. मासळी सकाळी धक्क्यावर मिळते. ऑक्टोपस दोरीवर वाळत घातलेला दिसेल, संध्याकाळी तोच निखाऱ्यावर.

पंधरा ऑगस्टला मेरीमातेचा सण. चर्चच्या अंगणात टेबलं मांडून सारं गाव एका पंगतीला जेवतं. तुम्ही माझ्या पाहुण्या म्हणून मानाच्या जागी बसाल.

केसांची काळजी नको. मीच विंचरीन. मला सवय आहे.

आपली नम्र,
स्तामातीआ कूर्ती


लिमनारी
१० जून १९७९

ताई,

उभी असशील तर आधी बस. माव्रीदीण येतेय. अथेन्सची. तीच, तोच रस्ता, तोच तिसरा मजला. पाकिटामागचं नाव वाचलं आणि माझ्या हातातली बशी फुटली.

तिला मी कोण ते माहीत नाही. कसं असणार? माझं नाव तिनं कधी विचारलंच नाही. दोन वर्षं मी तिच्या घरात मारिया होते.

त्या दिवशी अथेन्समध्ये काय झालं ते मी तुला पुरतं कधी सांगितलं नाही, बाबांनाही नाही. तिची निळ्या खड्याची अंगठी दिसेना. मला स्वयंपाकघरात उभं करून तिनं अंगावरचे कपडे उतरवून झडती घेतली. काही मिळालं नाही तेव्हा म्हणाली, "गिळली असेल." दोन दिवस मला मोरीत कोंडून एरंडेल पाजलं, ताई. तिसऱ्या दिवशी जिन्यात उभी केली, वरच्या-खालच्या बायकांना बोलावलं आणि कोंबडी कापायच्या कात्रीनं माझे केस कापले. "चोराला ओळखू यावं," म्हणाली. चौदा वर्षांची होते मी. मग शिपायाबरोबर बसमध्ये बसवून दिलं.

पुढचं तुला माहीत आहे. पुढचं तर अख्ख्या गावाला माहीत आहे.

तिला मी अगदी गोड पत्र लिहिलंय, खाली पूर्ण नाव घालून, स्तामातीआ कूर्ती. सणाच्या दिवशी भर पंगतीत तिला उभी करणार आणि तिचे केस कापणार. कात्री धार लावायला दिलीय.

मातूला


मेलबर्न
२७ जून १९७९

मातूला,

तुझं पत्र बिस्किटांच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. पुढची सगळी पाळी मी काय भरलं आणि काय सांडलं मला ठाऊक नाही. एरंडेलाचं तू आज सांगतेस? इतकी वर्षं एकटीनं पोटात ठेवलंस?

तू बसमधून उतरलीस तेव्हा मी चौकात होते. तुझ्या डोक्याला रुमाल होता. वाऱ्यानं तो उडाला, आणि कोणीही हललं नाही. कॉफी प्यायला लागले परत. मग फौजदारानं आपलं घर उलटंपालटं केलं, बाबांची जाळी चाकूनं फाडून पाहिली. त्यानंतर बाबा कॉफीच्या दुकानात कधी गेले नाहीत. मान्थोस दारावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा. बाबा दोन हिवाळेही टिकले नाहीत. आणि मला, चोरटीच्या बहिणीला, गावात कोण करून घेणार? फोटो पाहून लग्न लावलं आणि बोटीत बसवलं. फोटो दहा वर्षं जुना निघाला, हे तुला माहीतच आहे. स्ताथीस माणूस वाईट नाही. पण मी त्याला निवडलं नव्हतं.

तरी सांगते, नको करूस. ती म्हातारी आहे. तिला काही झालं तर तुला तुरुंगात टाकतील आणि गाव म्हणेल, बघा, आम्ही म्हणतच होतो. तिला लिही की खोली भरली.

आणि माझं ऐकणारच नसशील, तर निदान वासिलोच्या टेबलाजवळ कर. तिच्या लेकानं तुला मागणी घातली होती आणि तिनं भट्टीच्या दारात उभं राहून "माझ्या घरातले चमचे मोजत बसू का?" असं ओरडून सांगितलं होतं. तिला नीट ऐकू गेलं पाहिजे.

तुझी,
आर्गिरो


अथेन्स
३ जुलै १९७९

श्रीमती कूर्ती,

आपलं पत्र मी दोनदा वाचलं. इतकं अगत्य आजकाल घरच्या माणसांतही दिसत नाही. माझी मुलगी फ्रान्समध्ये असते. मी आजारी आहे असं कळवलं तर रंगीत कार्ड पाठवते. आपण कोणी घरंदाज दिसता. आपल्या वडिलांनी आपल्याला उत्तम वळण लावलं असणार.

एकच विचारते. तिकडे चोरीमारीची भीती नाही ना? सणाला घालायला चार दागिने आणीन म्हणते. आयुष्यात मला फार वाईट अनुभव आले आहेत.

एक ऑगस्टच्या बसनं निघते.

कल्लिरोई माव्रीदी


लिमनारी
११ जुलै १९७९

आदरणीय बाईसाहेब,

दागिने जरूर आणा. लिमनारीत चोर म्हणून एकाच बाईकडे बोट दाखवतात, आणि ती सदैव माझ्या नजरेखाली असते.

वडिलांबद्दल चांगलं लिहिलंत, बरं वाटलं. ते टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत. आलात की तुम्हाला त्यांच्याकडे घेऊन जाईन.

स्तामातीआ कूर्ती


लिमनारी
९ ऑगस्ट १९७९

ताई,

ती आलीय. बसमधून उतरायला तिला हात मी दिला.

मला वाटलं होतं, ओळखेल. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "किती उन्हात काळवंडलात हो! टोपी घालत जा." बस्स. केस पांढरे झालेत, पण अजून कमरेखाली येतात. रोज सकाळी खिडकीशी खुर्ची घेऊन बसते आणि मी विंचरते. डोळे मिटून घेते. काल म्हणाली, "माझ्या लेकीनंसुद्धा इतक्या हलक्या हातानं कधी विंचरले नाहीत." कात्री माझ्या एप्रनच्या खिशात असते, ताई. मानेवरचा एक एक केस मोजता येईल इतकी ती माझ्या हाताखाली असते. मी बुचडा बांधते आणि कॉफी आणून देते.

गावानं तिला डोक्यावर घेतलंय. मान्थोस तिच्यासाठी पाण्यात खुर्ची नेऊन ठेवतो. वासिलो आणि ती तासन्‌तास बोलत बसतात. परवा मी पाव आणायला गेले तर वासिलो तिला सांगत होती, "जपून राहा हो बाई. तुम्ही परक्या, म्हणून सांगते. तुमच्या घरमालकिणीचा हात..." आणि मला बघून गप्प झाली.

माव्रीदीण घरी येऊन मला म्हणते कशी, "ती भट्टीवाली मत्सरी दिसते. मी तिला सांगितलं, माणूस ओळखायला मला वेळ लागत नाही."

मी मागच्या अंगणात जाऊन हसले.

तू "नको" लिहिलंस ते वाचलं. "वासिलोच्या टेबलाजवळ" हेही वाचलं.

मातूला


लिमनारी
२० ऑगस्ट १९७९

ताई,

झालं. क्रमानं सांगते, मध्ये रडू नकोस.

बोकडाचं मटण वाढून झालं होतं, वाद्यं वाजायची होती. मी तिला वासिलोच्या शेजारी बसवलं होतं, लेफ्तेरीस समोर, पलीकडे मान्थोस, टोकाला फादर नेक्तारिओस. तिनं गळ्यात मोती घातले होते. मी उभी राहिले आणि भांड्यावर चमचा वाजवला. लोकांना वाटलं, पाहुणीच्या नावानं ग्लास उचलायला सांगणार.

मी म्हटलं, "मंडळी, या बाईंची ओळख करून द्यायची राहिली. छप्पन साली मला चोर ठरवून, केस कापून ज्यांनी गावी धाडलं त्या याच."

ती माझ्याकडे बघतेय, अजून तोंडावर हसू. "कुणाला म्हणताय?"

"मला. मी तुमच्याकडची मारिया. निळ्या खड्याची अंगठी."

तिनं कपाळाला बोट लावलं, आठवलं, आणि तिचा चेहरा ताई, अगदी खुलला. "अगं बाई! ती तू होय? केवढी झालीस! अंगठी सापडली ना ती! त्याच ईस्टरला. पियानोचे सूर लावायला माणूस आला, त्यानं पियानो सरकवला तर मागे पडलेली. लेकीनं हौसेनं घातली होती, वाजवताना काढून ठेवलेली. आम्ही इतके हसलो!"

इतके हसलो, म्हणाली.

मी सगळ्याची तयारी केली होती. नाही म्हणेल, रागावेल, मूर्च्छा येईल. याची नव्हती. मी विचारलं, "मग कळवलं का नाहीत?"

"कुणाला कळवायचं?" खरंच नवल वाटून म्हणाली. "तुझं गाव कोणतं ते कुठे माहीत होतं? शिपायानं नेलं होतं. आणि तोवर दुसरी मारिया आली होती."

माझा हात खिशात गेला. कात्री बाहेर आली तेव्हा तिला समजलं. दोन्ही हात बुचड्यावर नेऊ लागली. खांद्याच्या वर जाईनात. तशीच अर्धवट हात उचलून बसली. लेफ्तेरीस ताडकन उठला, "मातूला, असं करू नकोस."

"बस खाली," मी म्हटलं. "तेव्हा उठला नाहीस, आता कशाला उठतोस?"

बसला.

फादर म्हणाले, "पोरी, आज सणाचा दिवस."

"सणाचाच हवा होता, फादर. एरवी सगळे एका जागी मिळत नाहीत."

आणि खरं सांगते, कापणारच होते. पण मी मान वर केली तर तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं. सगळे आपापल्या ताटात बघत होते. मान्थोस, वासिलो, फौजदाराची बायको, सगळे. केस कापले असते तर संध्याकाळपर्यंत सगळे तिच्या केसांबद्दल बोलत बसले असते आणि सुटले असते. मी कात्री टेबलावर ठेवली. म्हटलं, "उठा बाईसाहेब. आत्ता बोललात ते पुन्हा सांगायचं. टेबला-टेबलावर जाऊन."

"माझे गुडघे—"

"माझा हात धरा."

दंडाला धरून मी तिला फिरवली. एकही टेबल सोडलं नाही. पहिल्यांदा पुटपुटली. मान्थोस म्हणाला, "ऐकू आलं नाही." खरंच आलं नसेल, मी तिला तिथे पुन्हा बोलायला लावलं, मोठ्यानं. "अंगठी माझ्याच घरात होती. हिनं घेतली नव्हती. मला माहीत होतं, मी कळवलं नाही." मान्थोसनं टोपी काढली आणि रडायला लागला. मी त्याला म्हटलं, "माझे बाबा तुमच्या दुकानासमोरून मान खाली घालून जायचे. तेव्हा टोपी घट्ट होती वाटतं डोक्यावर?"

वासिलोकडे तिला सगळ्यात शेवटी नेलं. वासिलो आधीच बोलायला लागली, "आम्हाला काय माहीत पोरी, आम्ही ऐकलं तेच—"

"माहीत नव्हतं ना? मग तोंड उघडायचं नव्हतं," मी म्हटलं. "आता ऐका." आणि ताई, तिला ते दोनदा ऐकवलं. एकदा माझ्यासाठी, एकदा तुझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर. गाढव घेतलं नाही. ती दर वळणावर दगडावर बसत होती, मी शेजारी उभी राहत होते. बाबांच्या थडग्यापाशी तिनं ते सगळं परत म्हटलं. इतकी दमली होती की आवाज नुसता वारा. मी म्हटलं, "यांना मोठ्यानं नको. यांना माहीत होतं." तेव्हा ती पहिल्यांदा रडली. गुडघ्यांसाठी की कशासाठी, मी विचारलं नाही.

दुपारच्या बसनं गेली. चौकात सगळे होते. तिची पेटी कोणी उचलली नाही. मीही नाही.

तेव्हापासून रोज सकाळी माझ्या दाराशी लेफ्तेरीसच्या भट्टीतला गरम पाव असतो, फडक्यात गुंडाळलेला. रोज मी तो त्याच्या आईच्या देखत कोंबड्यांना घालते. पाव चांगला असतो. कोंबड्या माजल्यात.

तू विचारशील, हलकं वाटलं का. नाही. पण मी चौकातून मधोमध चालते आता, कडेनं नाही.

मातूला


मेलबर्न
३ सप्टेंबर १९७९

मातूला,

तू रडू नकोस म्हणालीस, मी रडले नाहीच. मी स्ताथीसला सगळं पत्र वाचून दाखवलं, आणि "इतके हसलो" इथे आल्यावर मी टेबलावरच्या फुलदाणीचे तुकडे तुकडे केले. त्यानं मुकाट्यानं केर भरला. मग म्हणाला, "तुला जाऊन यायचंय ना?" या माणसाला मी एकवीस वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं.

तुझं तू वसूल केलंस. माझं राहिलंय. तू तिच्या गुडघ्यांना त्रास दिलास, ती म्हातारी पुन्हा अथेन्सला तिच्या गादीवर जाऊन पडली. मला ती नको. मला वासिलो हवी. तिच्या दारासमोर खुर्ची टाकून मला बसायचंय, तिच्या खुर्चीला खुर्ची लावून, आणि सबंध उन्हाळा तिच्याशी काहीही बोलायचं नाहीये. बघू किती दिवस दारात बसते.

कारखान्यात रजेचा अर्ज टाकलाय. मेमध्ये येते. कोंबड्यांना पाव घालणं थांबवू नकोस.

आर्गिरो


अथेन्स
२४ सप्टेंबर १९७९

स्तामातीआ,

पत्र लिहू की नको असा महिनाभर विचार केला. तू मला जे केलंस ते माझ्या वयाच्या बाईला कोणी करू नये. परत आल्यावर आठवडाभर मी अंथरुणात होते.

पण खोटं लिहिणार नाही. त्यानंतर माझ्याशी कोणी इतकं बोललेलं नाही. मुलीला सगळं कळवलं, तिनं लिहिलं, "मम्मा, किती जुन्या गोष्टी." ती अंगठी तिच्याचकडे आहे, नाहीतर तुला पाठवली असती. आता शेजारची बाई येऊन केस विंचरते, पण ओढते.

डॉक्टर म्हणतात, समुद्रानं गुडघ्यांना खूपच फरक पडला आहे. पुढच्या उन्हाळ्यात ती खोली माझ्यासाठी ठेवशील का? मला वाटतं, आपल्या दोघींत जे व्हायचं होतं ते होऊन गेलं. गावातल्या लोकांना माझा नमस्कार सांग. मान्थोस पाण्यात खुर्ची ठेवायचा, त्याची फार आठवण येते.

कल्लिरोई माव्रीदी


लिमनारी
४ ऑक्टोबर १९७९

बाईसाहेब,

पत्र मिळालं. गुडघ्यांना उतार आहे हे वाचून मला वाईट वाटलं.

समुद्राकडची खोली रिकामी नाही. त्या खोलीत मेपासून माझी मोठी बहीण राहणार आहे. तुमच्या अंगठीपायी ती ऑस्ट्रेलियाला गेली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, तुम्हाला तिचं नावही माहीत नाही, आणि मी ते सांगणार नाही. दुसरी खोलीही तुम्हाला मिळणार नाही. गावात अजून दोघीतिघी खोल्या देतात, पण तुम्ही कुणालाही लिहिलंत तरी पत्र माझ्याकडेच येईल. टपाल वाटणाऱ्याला मी सांगून ठेवलंय, आणि आता तो माझं ऐकतो.

मान्थोसकाकांना तुमचा नमस्कार सांगितला. ते म्हणाले, ऐकू आला नाही.

तुम्ही एकट्या आहात ते मी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग विस्तव पेटवायला कागद हवा होता.

मी तुम्हाला माफ केलं का, हे तुम्ही कुठल्याच पत्रात विचारलेलं नाही. त्यामुळे त्याचं उत्तर मी लिहीत नाही.

स्तामातीआ कूर्ती